तीन रेघांच्या दोन फांद्या

ते बिलोरी झुंबर आमच्या कार्यशाळेत सहा खोक्यांतून आलं. मालकीणबाई इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या, वय सत्तरीपुढचं. झुंबर १७८० च्या सुमाराचं आहे आणि तेव्हापासून त्यांच्याच घराण्यात आहे, असा दाखला त्यांना लिलावासाठी हवा होता. पुरावा म्हणून आजोबांच्या विम्याचा १९२३ सालचा कागद. त्यात एकच ओळ: जुनं काचेचं झुंबर, नग एक.

कागद संपला की मी काच बघते. त्यातही लोलकांवर माझा भरवसा नाही. ते फुटतात, हरवतात, दुसरीकडून आणून ओवले जातात. दिवे धरणाऱ्या फांद्यांचं तसं नसतं. प्रत्येक फांदी हाताने घडवलेली, म्हणून ती आपल्याच खाचेत नीट बसते. ओळख राहावी म्हणून कारागीर फांदीच्या बुडाच्या पितळेवर कानशीने रेघा ओढायचा आणि मधल्या तबकाच्या खाचेवरही तेवढ्याच.

पितळेवरची काजळी मऊ ब्रशने काढत मी रेघा मोजल्या. एक, दोन, तीन, पुन्हा तीन, पाच, सहा, पुन्हा सहा, आठ. चार आणि सात नव्हत्याच. अतिनील दिव्याखाली आठही फांद्या सारख्याच फिकट निळ्या उजळल्या, म्हणजे काच शिसं मिसळलेलीच. पैलूही एकाच वळणाचे. हे झुंबर बहुधा जोडीतलं होतं, आणि जोडीदार मोडून त्याच्या दोन फांद्या इथे बसवल्या होत्या.

बाईंना सांगताना जीव जड झाला. किंमत उतरणार होती. मी त्यांना बाथच्याच असेंब्ली रूम्सची, म्हणजे नाच-मेळाव्यांच्या जुन्या इमारतीची, आठवण करून दिली. १७७१ साली तिथल्या नव्याकोऱ्या झुंबराची फांदी कोसळली, चित्रकार गेन्सबरो थोडक्यात बचावले. नाचाच्या दालनासाठी लंडनच्या विल्यम पार्करकडून नवी झुंबरं आली; पण जुन्यांतले धड भाग जुळवून एक झुंबर उभं केलं, ते तिथल्या अष्टकोनी दालनात आजही दिमाखात आहे. जुळवलेलं म्हणून ते मला कधी कमी वाटलेलं नाही.

अहवालात मी दोन्ही परक्या फांद्यांची नोंद केली आणि मालकीच्या रकान्यात १९२३ च्या आधीची जागा कोरी सोडली. घराण्यात सांगत आलेली गोष्ट मी दाखल्यात घालत नाही.

बाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग चौथ्या खाचेतल्या, तीन रेघांच्या फांदीवर हात ठेवून विचारलं, "ही कुठल्या घरची असेल?" मला आपला 'माहेर' हाच शब्द आठवला.