नस जोडली, मग बोटं वाकडी का?

"नस जोडली नं मॅडम? मंग बोटं काऊन वाकडी?"

हा प्रश्न मला हिंगणघाटच्या स्टँडवर, बाजारात, पालकसभेत आणि एकदा तर मयतीच्या घरीही विचारला गेलाय. परवा तुम्हीही विचारलंत आणि मी "चाललंय हळूहळू" म्हणून विषय बदलला. विळा कसा लागला, सोंगणीला मजूर का मिळाले नव्हते, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देते. डाव्या मनगटापाशी करंगळीच्या बाजूची नस तुटली, रक्ताची नव्हे, स्पर्श आणि हालचालीचे निरोप नेणारी, एवढं धरून चला. विज्ञान शिकवते, तेव्हा उत्तर लांबणार. आखूड उत्तरं देऊन पाहिली. त्यातून काय निघालं तेही सांगते.

नस जोडतात म्हणजे तिचं वरचं आवरण शिवतात. आतले हजारो तंतू कोणालाच शिवता येत नाहीत. तुटलेल्या जागेपासून बोटांकडचा भाग मरतो, कितीही बारीक टाके घातले तरी मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून हे दाखवलं. पुढे बरीच वर्षं समजूत अशी होती की पोषण तुटलं म्हणून तो भाग आपोआप वाळतो. तसं नाही. तंतू स्वतःच स्वतःला मोडून टाकतो. त्याच्यात सार्म-१ नावाचं प्रथिन गप्प पडून असतं, ते जागं होतं आणि ऊर्जेच्या कामाला लागणारं एनएडी संपवून टाकतं. ज्या उंदरांत हे प्रथिन नाही, त्यांचे तुटलेले तंतू कितीतरी जास्त दिवस शाबूत राहतात. म्हणजे माझ्या करंगळीतले तंतू नुसते उपाशी मेले नाहीत, त्यांनी मरायचं काम केलं. हे मी वाचलं तेव्हा मला उगाचच राग आला होता, कोणाचा ते सांगता येत नाही.

आता ज्या पेशीचा तंतू तुटला, ती पेशी मनगटात नसते. ती बसलेली असते मानेच्या खालच्या टोकाशी, मणक्यात किंवा त्याला लागून. तिचा एक तंतू तिथून थेट बोटापर्यंत जातो. एवढ्या लांब काय घडलं हे तिला कळतं कसं? मला खरा रस इथे आहे आणि विचारणारे नेमके इथेच घड्याळ बघतात.

पहिली खबर लगेच जाते. तुटलेल्या टोकातून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, विजेच्या लहरी उलट्या दिशेने मानेकडे धावतात. पण त्यावरून "काहीतरी झालं" एवढंच कळतं. सविस्तर खबर सावकाश येते. तुटल्या जागी काही प्रथिनं तयार होतात, काहींवर रासायनिक खुणा चढतात. डायनिन नावाचं वाहक प्रथिन त्यांना उचलून तंतूच्या आतल्या रुळांवरून पेशीकेंद्रापर्यंत वाहून नेतं. हाताच्या लांबीला यात काही दिवस जातात. म्हणजे माझ्या मनगटाला टाके घालून, पट्टी बांधून मी घरी निजले होते, तेव्हा ही खबर अजून दंडातच होती.

तिसरी खबर म्हणजे खबर बंद होणं. एरवी कातडीकडून आणि स्नायूंकडून वाढीचे घटक सतत पेशीकडे येत असतात. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी कोंबडीच्या गर्भावर काम करून त्यातला पहिला घटक शोधला. त्यासाठी त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. तंतू तुटला की ही आवक थांबते. मुंबईला गेलेल्या पोराची मनिऑर्डर यायची थांबली की पत्राची वाट न बघता घरच्यांना जे कळायचं, तेच इथे पेशीला कळतं.

मग ती पेशी आपलं नेहमीचं काम बाजूला ठेवते. निरोप पोचवायची यंत्रणा कमी करते, सी-जून, एटीएफ-३ असले जनुक चालू करते, फुगते आणि बांधकामाला लागते. इकडे हातात, तंतूंना वेढून असणाऱ्या, 'श्वान' नावाच्या पेशीही आपलं आवरण टाकून देतात, मेलेल्या तंतूचा कचरा साफ करायला भक्षक पेशींना बोलावतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवतात. त्या वाटेने तंतू पुढे सरकतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला एक इंचाच्या आसपास.

ज्यांच्या घरी बैलबंडीवरून पडून मणका मोडलेलं माणूस आहे, ते इथे हटकून विचारतात, मग आमच्या बाबांचं का नाही वाढत? मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाट मिळत नाही. तिथली आवरणं आणि व्रण वाढीला अडवतात. मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अ‍ॅग्वायो यांच्या चमूने १९८०च्या आसपास उंदरांच्या मज्जारज्जूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तर तिथल्या पेशींचे तंतू त्या तुकड्यात शिरून वाढले. पेशीत ताकद आहे, जागा वाईट आहे. पण हे ऐकून त्या माणसाच्या बायकोला काय मिळणार? मी ते सांगणं आता बंद केलंय.

माझ्याकडे येते. पहिल्या ठिकाणी माझी कातडीच शिवली. बोट टोचून, हलवून कोणी पाहिलं नाही. "सूज आहे, उतरेल." नाव घेणार नाही. नागपूरला गेले तोवर नसेची दोन्ही टोकं मागे सरकून त्यांवर व्रण धरला होता. मधली फट भरायला पोटरीमागची नस काढून लावली. म्हणून माझ्या पायाची बाहेरची कडही बधिर आहे, तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. तंतूंना आता एकाऐवजी दोन सांधे ओलांडायचे होते. त्यात काही वाट चुकतात, कातडीचा तंतू स्नायूच्या नळीत शिरतो आणि वाया जातो. स्नायूही कायमची वाट बघत नाही. वर्ष-दीड वर्षात तंतू पोचला नाही, तर तो परत कामाला लागायची आशा फार थोडी. तळहातातले बारीक स्नायू असे गेले, म्हणून करंगळी आणि अनामिका वळलेल्या. हे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. इथे थांबता आलं असतं.

पण वळलेल्या करंगळीकडे आपल्या भागात माणसं कशी बघतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

नस जोडल्यावर आलेल्या भाद्रपदात मोठ्या जाऊबाईंकडे महालक्ष्म्या होत्या. तोवर माझा तळहात जागा होऊ लागला होता. मनगटापुढे टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या जायच्या. ही वाढत्या टोकाची खूण, टिनेल आणि हॉफमन यांनी १९१५ साली वेगवेगळी नोंदवलेली. मी खुशीत होते. करंगळीचं टोक मात्र अजून मेलेलंच होतं. पहाटेपासून पुरण, सोळा भाज्या, कढी, आंबील. मी पोळ्या लाटून झाल्यावर वडे तळायला बसले. कढई सरकायला लागली म्हणून फडक्याने काठ धरला. करंगळी फडक्याच्या बाहेर राहिली.

"अवं माय, बोट पाय तुयं!" धाकटी जाऊ ओरडली.

मी पाहिलं. कातडी पांढरी पडून फुगत होती.

"चटका नाई लागला?"

"नाही. तिथे अजून संवेदना आली नाही," मी म्हटलं. वर्गात सांगावं तसं सांगितलं.

स्वयंपाकघरात कोणी काही बोललं नाही. मग चुलतसासू, स्वतःशीच बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "अशीच व्हतात बोटं." जाऊबाईंनी झारा माझ्या हातून घेतला. "बसा तुमी, थकल्या असाल." मी हात धुवायला उठले तेव्हा पाहिलं, मी लाटलेल्या पोळ्या वेगळ्या टोपलीत काढून झाल्या होत्या. नैवेद्याच्या ताटात दुसऱ्या ठेवल्या होत्या.

मी बाही वर केली. मनगट दाखवलं, लुगडं वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला, महालक्ष्म्यांसमोर. "विळा लागलाय मला. हे टाके बघा. मला तो रोग नाही, कळलं? त्यातली नाही मी!"

मोरीपाशी भांडी घासणारी बाई बसली होती. तिची आई कुष्ठधामात वारली, हे त्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, मलाही. तिने पराती घासल्या, संध्याकाळी पैसे आणि डबा घेतला, गेली. डब्यात त्या वेगळ्या टोपलीतल्या पोळ्या होत्या.

त्या दिवशीची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, मग काय सांगायचं होतं? खरं तेच सांगितलं. मला कुष्ठरोग नव्हता, आणि नसलेला रोग अंगावर घेऊन कोणाचं भलं होणार होतं? मी म्हणते, "त्यातली नाही" हे शब्द कशाला? ती म्हणते, तुझ्या पोळ्या वेगळ्या काढल्या नव्हत्या, म्हणून बोलतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण पोळ्या तिच्याच होत्या, आणि माझ्याही.

आणखी एक. त्या रात्री मी दार लावून दोन्ही कोपरांमागची नस चाचपून पाहिली. कुष्ठरोगात तीच नस तिथे जाड होते. विळ्याने कापलेली नस मी डोळ्यांनी पाहिलेली असताना, विज्ञानाची पदवी असताना, चाचपली. जाड नव्हती. बरं वाटलं.

दोन्हींत मोडते ती हीच नस, आणि मोडण्याची तऱ्हा नेमकी उलटी. ज्या श्वान पेशींनी माझ्या तंतूंना वाट दाखवली, हान्सन यांनी १८७३ साली पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू त्याच पेशींत घर करतो. माझ्यात तंतू तुटला होता, वाट दाखवणाऱ्या पेशी धडधाकट होत्या. त्यांच्यात वाटच सुजते. म्हणून ते लवकर ओळखणं एवढं महत्त्वाचं. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या. त्या सुरू झाल्या की माणसाकडून लागण होत नाही. नस नव्याने दुबळी झाली असेल आणि पहिल्या काही महिन्यांतच स्टेरॉइड दिलं, तर ती पुष्कळदा वाचते. वरोरा इथून फार लांब नाही, आमच्या शाळेच्या सहली आनंदवनात जातात, घरोघर तिथल्या चादरी आहेत. चादर चालते. आणि २०१९पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, तेव्हा एकट्या चुलतसासूंना काय बोलायचं?

हेन्री हेड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९०३ साली स्वतःच्या हाताची कातडीकडे जाणारी नस मुद्दाम कापून घेतली आणि संवेदना कशी परतते हे रिव्हर्स या सहकाऱ्याबरोबर चार वर्षांहून जास्त काळ तपासलं. आधी नकोसा, पसरट ठणका येतो आणि नेमका स्पर्श फार मागाहून, असं त्यांनी लिहिलं. माझंही तसंच झालं. आता करंगळीला कापूस लावला तर काहीतरी लागलं एवढं कळतं, कधी ते अनामिकेला लागल्यासारखं वाटतं. थंडीत दुखते. चटका मात्र कळतो.

आता एकच राहिलंय. चालणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, उसना घेऊन बोटं सरळ करायची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी अशा शस्त्रक्रिया बसवल्या, त्या कुष्ठरोग्यांच्या हातांसाठी. आजही त्यात सरावलेला हात हवा तर कुष्ठरोग्यांच्याच दवाखान्यात जावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी सांगितलं, तर सासूबाईंनी विचारलं, "आन् तिथं जाताना कोनं पाह्यलं तं?"

"पाहू द्या," मी म्हटलं. तारीख अजून घेतलेली नाही.