ती म्हातारी नक्की कुठली होती

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. संध्याकाळी आत्याचा फोन झाला. तासभर मी तिला इटलीच्या सहलीचं सगळं सांगत होते, मोंतोने, अरेत्झो ही तिथली गावं, ती शेतातली जागा, काय काय खाल्लं, आणि शेवटी भाकरीची गोष्ट सांगायला लागले तर ती मध्येच म्हणाली, "अगं, ती म्हातारी इटलीतली कुठली, ती इराकातली. तात्या बसऱ्याचं सांगायचे ते."

एवढंच बोलली आणि पुढे भाचीच्या साखरपुड्याचं सुरू केलं. मी हो हो करत राहिले.

तात्या म्हणजे माझे आजोबा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे ती, त्यांच्या दुसऱ्या महायुद्धातली. लढाई थांबलेली, दोन दिवस पोटात धड काही नाही, आणि एका घरातनं एक म्हातारी बाहेर येते, हातात तव्यावरची जाड भाकरी, त्यावर हिरवं तेल. आजोबांनी ती उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हातारीने त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला. बस, एवढीच गोष्ट. बंदूक नाही, शौर्य नाही. पण युद्धाबद्दल ते आपणहून एवढंच बोलायचे, बाकी कुणी विचारलं की उठून गोठ्यात जायचे. आणि मी या एका भाकरीसाठी तीन वर्षं पैसे साठवले, रजा जमवली, इटलीतला उंब्रिया प्रांत निवडला. लोक रोम बघतात, व्हेनिस बघतात. मी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात गेले कारण त्यांची मराठा पलटण १९४४ च्या जुलैत तिथे होती.

आणि म्हणे बसरा.

फोन ठेवल्यावर पहिलं काय केलं तर ट्रंकेतला आजोबांचा लष्करातल्या डिस्चार्जचा कागद काढला. त्यावर इराकही आहे आणि इटलीही. इटली स्टार या युद्धपदकाची ती लाल-पांढरी-हिरवी फीत पण आहे, म्हणजे माणूस तिथे होता यात शंका नाही. पण भाकरी कुठे खाल्ली हे कुठला कारकून लिहिणार.

मग बाबांना फोन. बाबा म्हणतात इटलीच, तेल होतं ना, हिरवं तेल इराकात कुठलं. आत्याला परत विचारलं तर म्हणते तेलाचं काही आठवत नाही, खजूर होता सोबत. एकाच बापाची दोन लेकरं, एकाच ओट्यावर बसून ऐकलेलं. आई म्हणाली झोपा आता.

मला वाईट वाटतंय ते नक्की कशाचं हेच कळत नाहीये. माझ्याकडे आजोबांचं दुसरं काय होतं? फोटो एकच, तोही गणवेशातला, आखडून बसलेला. जमीन काकांकडे गेली, त्याबद्दल आता नको. माझ्या वाट्याला ती एक भाकरी आली होती आणि आता तीही माझी राहिली नाही असं वाटून मघाशी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, चाळिशी उलटलेली बाई.

कारण तिथे मी ती खाल्ली ना. मोंतोनेजवळ ज्यांच्याकडे राहिलो त्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी केली. तिकडे त्याला चाच्चा म्हणतात, पेरुजा शहराकडे तोर्ता अल तेस्तो. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा, बोटभर जाड लाटायची, काट्याने टोचे मारायचे आणि चुलीवर तापवलेल्या जाड गोल तव्यावर टाकायची. भाकरीसारखी थापत नाहीत, लाटतात, म्हणजे खरं तर आपल्या जाड दशमीच्या जास्त जवळची. पण भाजतानाचा वास! पिठाचा तो करपट गोडसर वास आला आणि मी सरळ गावच्या चुलीपुढे जाऊन बसले. बाईंनी ती कापली, मधे पालेभाजी भरली लसणावर परतलेली, वरून तेल. मी चार खाल्ल्या. मला वाटलं आजोबा शेजारी बसलेत. आता हे लिहिताना असं वाटतंय की मी तेव्हा कुणा भलत्याच्याच शेजारी बसले होते का.

बाकीचं जेवणही इतकं आपलं वाटलं. उंब्रिचेल्ली, म्हणजे अंड्याशिवाय नुसत्या पीठ-पाण्याच्या, हाताने वळलेल्या जाडजूड शेवया, लसूण आणि टोमॅटोत. चिचेर्कियाचं सूप, ती तर चक्क आपली लाखेची डाळ, भंडारा-गोंदियाकडची. आणि रोजचा पाव मात्र आळणी, मिठाचा कण नाही. तिथले लोक सांगतात की १५४० साली पोपने मिठावर कर लावला, पेरुजाने बंड केलं, हरले, आणि तेव्हापासून पावात मीठ घालायचं बंद केलं. खरं-खोटं त्यांनाही माहीत नाही म्हणे, पण पाव अजून आळणीच करतात. चारशे ऐंशीहून जास्त वर्षं.

हे आत्ता लिहिताना थांबले जरा.

यशवंत घाडगेंच्या स्मरणार्थ केलेलं सूर्यघड्याळ पाहिलं मोंतोनेला, २०२३ मध्ये बसवलंय. आपल्या माणगावकडचा मुलगा, बावीस वर्षांचा. १० जुलै १९४४ ला त्याच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, हा एकटा मशीनगनवर धावून गेला, गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला, आणि मग त्याला मारलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. अरेत्झोच्या दफनभूमीत आपल्या लोकांचं वेगळं स्मारक आहे, दहन झालेल्यांचं. तिथली नावं वाचताना पुढचं वाचवेना. त्याबद्दल परत कधीतरी.

पण त्या घड्याळासमोर मी काय विचार करत होते? की त्या दिवशी हा जेवला असेल का. खरंच, एवढंच आलं डोक्यात.

आणखी एक आठवलं. बाईंना मी तेलाबद्दल विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या की तेल हिरवंगार असतं ते नवं काढलेलं, नोव्हेंबरच्या आसपास, पुढे पिवळट होत जातं. मग जुलैत हिरवं तेल कुठून? म्हणजे बाबांचा पुरावाही तितका पक्का नाही. म्हणजे कदाचित बसराच. किंवा म्हातारी बसऱ्याची आणि तेल इटलीचं, आणि आजोबांनीच पन्नास वर्षांत दोन्ही एका तव्यावर भाजलं असेल. त्यांना काय हिशोब द्यायचा होता कुणाला. कुणीतरी आपलं नसलेल्या बाईने उपाशी पोराला खायला घातलं, हे त्यांना ठेवायचं होतं, ते त्यांनी ठेवलं. गाव कुठलं हे ठेवायचं राहून गेलं असेल.

मला अजूनही ती इटलीचीच हवी आहे. हे मी कबूल करते. पण मघासारखं छातीत दाटून येत नाहीये.

साडेबाराला उठून थोडं पीठ मळलं, जाड लाटली, लोखंडी तव्यावर टाकली, काट्याने टोचे मारले. गॅसवर तो वास येत नाही. तिकडून आणलेला तेलाचा डबा फोडला, तेल पिवळंच आहे. अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवलीय.

आत्याचा मेसेज आलाय आत्ता, ती पण जागीच. "तेल आणलंयस ना, थोडं माझ्यासाठी ठेव. रविवारी येते. खजूर मी आणते."