लाल कार्ड

बालपणीच्या आघातांवरील एका संशोधन प्रकल्पात मी मराठवाड्यातील शाळांमध्ये मुलांच्या मुलाखती घेते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर 12 वर्षांवरील मुलाची स्वतःची लेखी सहमतीही लागते. सही सहज मिळते. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणे मात्र आपल्या शाळांत कोणी शिकवलेले नसते. म्हणून आम्ही आधी नकाराचा सराव घेतो. आवडता खेळ, आवडती भाजी असे साधे प्रश्न विचारायचे आणि त्यांतील एकाला तरी मुलाने लाल कार्ड दाखवायचेच, म्हणजे उत्तर नाकारायचे; कारण आम्ही विचारत नाही. मुलाची खुर्ची दाराजवळ असते, अवघड प्रश्न मधोमध येतात, शेवट हलक्या प्रश्नांनी होतो आणि नंतर समुपदेशक प्रत्येक मुलाला भेटते, कारण मोजक्याच मुलांना बोलावले तर वर्गात कुजबुज सुरू होते. संशोधनाची नैतिक बाजू पाहणारी नीतिसमिती सह्या बारकाईने तपासते. या सरावाबद्दल तिने कधीच विचारलेले नाही.

ती नववीतली, ऊसतोड कामगारांची मुलगी. सांगितलेले गुप्त राहील, परंतु कोणी लैंगिक त्रास दिल्याचे कळले तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मला ते पोलिसांना कळवावेच लागेल, हे मी तिलाही सुरुवातीलाच समजावले. तिने विचारले, “मग पोलीस घरी येतील का, मॅडम?” येऊ शकतात, असे मी खरे तेच सांगितले. पुढे तिने सर्व उत्तरे स्पष्ट दिली, आणि नेमका लैंगिक त्रासाबद्दलच्या प्रश्नांचा विभाग येताच लाल कार्ड उचलले. इथेच थांबू या का, असे विचारल्यावर म्हणाली, “नको, बाकीचे विचारा.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आवाजही कापला नाही. मुलाखतीत मुलाला झालेल्या त्रासाच्या नोंदवहीत लिहिण्यासारखे काहीच घडले नाही. सहकाऱ्यांच्या मते पद्धत यशस्वी ठरली, आणि नकाराचा हक्क बजावला गेला एवढ्यापुरते ते खरेही आहे. नुसत्या नकारावरून गुन्हा कळला असे होत नाही, आणि त्यावरून मी चौकशी सुरू केली असती तर कार्डाचे वचनच मोडले असते. तरीही तिला जपण्यासाठी दिलेल्या सूचनेनेच तिला गप्प केले असेल, तर तिथे नेमके कोण सुरक्षित राहिले, हा प्रश्न मला सोडत नाही.

सर्वांना देतो तसा 1098 या बालमदत क्रमांकाचा कागद तिलाही दिला. मुलाखती संपल्यानंतरही समुपदेशकाने काही महिने वसतिगृहात सगळ्याच मुलांसाठी यावे, अशी मागणी मी लेखी केली आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मुलाखतींसाठी पैसे आहेत, या भेटींसाठी अजून नाहीत.