ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जातंय? ऑइल फुल दिसतंय म्हणून गप्प बसू नका

गणपतीच्या आधी कराडहून चिपळूणला माहेरी चालले होते, मागे दोन्ही पोरं झोपलेली. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक एकदम ठणठणीत, सेकंड गियरला गाडी, वळणावर दाबला की धरतोय, शंका यावी असं काहीच नाही. आणि खाली आल्यावर बहादूरशेख नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकले, जरासा उतार होता, पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवलेला, तर पेडल पायाखालून हळूहळू खाली सरकायला लागलं. चिखलात पाय रुतत जातो ना, अगदी तसं. गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकली तशी मी पटकन पाय उचलून परत दाबला, तर पेडल वर आलेलं, कडक, जसं काही झालंच नाही. पण पोटात गोळा आला तो आलाच.

घरी पोचल्या पोचल्या बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल मॅक्सच्या रेघेला. मला वाटलं चला, गळती नाही, म्हणजे मोठं काही नाही. बरेच जण इथेच थांबतात, आणि म्हणूनच हे सगळं लिहायला बसलेय.

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, इंजिन चालू ठेव आणि पाय हळूच ठेव. जोरात दाबू नकोस, जोरात दाबलंस तर ते तुला कळूच देणार नाही." तसंच केलं. हलका पाय ठेवून आकडे मोजत बसले, वीसपर्यंत पेडल जवळजवळ मॅटला टेकलं. मग कचकन दाबलं तर वरच थांबलं.

असं का होतं ते मामांनी समजावलं तेव्हा घाटात ब्रेक चांगला का लागत होता त्याचा उलगडा झाला. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, त्यात पिस्टनवर रबराचे कप असतात. तुम्ही जोरात दाबलं की ऑइलच्या प्रेशरने कपाची कड फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते, मग कप थोडा झिजलेला असला तरी ऑइल अडतं. हलकं दाबलं की कड तेवढी फाकत नाही आणि ऑइल कपाच्या बाजूने हळूच मागे निसटतं, परत टाकीत. गाडीच्या बाहेर एक थेंब पडत नाही. म्हणून लेव्हल फुल आणि तरी पेडल खाली!

पण मामांनी लगेच मास्टर सिलिंडरवर बोट नाही ठेवलं, आणि तुम्हीही ठेवू नका. आधी चारी चाकं आतल्या बाजूने बघितली, मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (चाकातला, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचलून आत ओल आहे का पाहिलं, पाईप आणि होजवरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा असली तर पेडल स्पंजसारखं लागतं आणि दोनतीनदा मारलं की कडक होतं, पण दाबून धरल्यावर असं एकसारखं खाली जात नाही. आणि इंजिन बंद असताना ब्रेक दाबून ठेवून स्टार्ट मारला की पेडल किंचित खाली जातं ते चांगलं लक्षण आहे, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करतोय, त्याला घाबरायचं नाही.

शेवटची टेस्ट मला सगळ्यात आवडली. मास्टर सिलिंडरचे पाईप काढून त्याच जागी त्याच आट्याचे प्लग बसवले. आता ऑइलला पुढे जायला वाटच नाही, म्हणजे कप चांगले असतील तर पेडल दगडासारखं राहायला पाहिजे. आमचं तरीही खाली गेलं. विषय संपला. (माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी ही टेस्ट करूनच घ्या, कारण एबीएसच्या युनिटमधला व्हॉल्व्ह लीक असला तरी पेडल असंच बसतं, आणि प्लग लावल्यावर पेडल कडक राहिलं तर दोष पुढे आहे हे कळतं.)

सिलिंडर खोलला तेव्हा पुढच्या कपाच्या कडेला नखाने ओरखडावं तशी बारीक चीर होती आणि आतल्या भिंतीवर, पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढे, खरखरीत पट्टा. मामांनी विचारलं, "मध्यंतरी ब्रेकच्या पाईपमधली हवा काढली होतीस का?" काढली होती, दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये, आणि पोरगा पेडल पार खालपर्यंत धपाधप मारत होता, मी समोरच उभी होते. जुन्या गाडीत हे करूच नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसात तर जास्तच, आणि वर्षानुवर्षं बदललं नाही की न वापरलेल्या भागात घाण आणि गंज बसतो. पेडल पार खाली गेलं की कप त्यावरून घासला जातो. हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायचा, एवढंच लागतं हो!

नुसतं किट, म्हणजे नवे रबरी कप, टाकून चाललं असतं पण भिंत खरवडलेली आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचा, त्याला पॉलिश पेपर मारणं मामांना मान्य नव्हतं, म्हणून नवी असेंब्लीच, म्हणजे अख्खा मास्टर सिलिंडर, घेतली. गाडीत बसवायच्या आधी ती व्हाइसमध्ये धरून, नळ्या टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबला. मग बसवून चारी चाकांची हवा काढली, डॉट ३ ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच. पेंटवर सांडलं की रंग सोडतं, त्यामुळे मी पाण्याचा मग घेऊन शेजारीच.

परत येताना पाटणला चहाला थांबले. गाडी बंद करायच्या आधी ब्रेकवर हलकाच पाय ठेवला आणि साठपर्यंत मोजलं. पेडल जागचं हललं नाही.