आमची वाटचाल: घडीच्या मतदान कक्षांचा छोटा कारखाना

वर्षातले बरेच महिने आमच्या कारखान्यात प्रदर्शनाचे स्टॉल, डिस्प्ले स्टँड आणि पॅकिंगचे खोके तयार होतात. पगार त्यावर निघतात. तरी कुणी विचारले की आम्ही स्वतःची ओळख मतदान कक्ष बनवणारे अशीच करून देतो, कारण डोके सर्वांत जास्त आम्ही त्यातच घातले आहे.

सुरुवात एका कामगार संघटनेच्या निवडणुकीने झाली. त्यांचे सचिव आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ मतपत्रिका होत्या, मतपेट्या होत्या, सभागृह ठरलेले होते. अडचण होती ती लिहिण्याच्या जागेची. लांबलचक टेबलांवर माणसे खांद्याला खांदा लावून शिक्के मारणार, आणि शेजारी मुकादम उभा असेल तर कोण मोकळ्या मनाने मत देणार? त्यांना असा आडोसा हवा होता जो सकाळी गाडीतून नेता येईल, कुणालाही उभारता येईल आणि संध्याकाळी घडी होऊन परत येईल. स्टॉलचे पॅनेल घडी करून नेणे हे आमचे रोजचेच काम, म्हणून आम्ही होकार दिला. काम हातात घेतल्यावर लक्षात आले की घडी हा त्यातला सोपा भाग आहे. गुप्ततेला उंची, खोली, जाडी आणि दिशा असते. ती सेंटिमीटरमध्ये ठरवावी लागते, आणि आम्ही आजवर जे शिकलो ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

काम करता करता मतदान कक्षाचा इतिहासही वाचला. 1856 मध्ये व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशात मत नोंदवण्याची पद्धत कायद्यात आणली. हेन्री चॅपमन आणि विल्यम बूथबी ही त्यामागची नावे. त्याआधी अनेक देशांत मत मोठ्याने सांगून द्यायचे, आणि ब्रिटनमध्ये तर कुणी कुणाला मत दिले याच्या छापील वह्याही निघत. ब्रिटनचा बॅलट अ‍ॅक्ट 1872 चा. त्याच्या नियमांत आमच्यासारख्यांच्या थेट उपयोगाची एक ओळ आहे: दर 150 मतदारांमागे किमान एक कक्ष असावा आणि त्यात मतदाराला इतरांच्या नजरेआड खूण करता यावी. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी कक्षांची संख्यासुद्धा ठरवून दिली, याचे मला अजून कौतुक वाटते. जर्मनीत कक्ष 1903 मध्ये आला, फ्रान्समध्ये 1913 मध्ये. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातल्या 21 व्या कलमात गुप्त मतदान आले, तोवर हा आडोसा जगात बराच फिरून झाला होता.

वाहून नेण्याचा प्रश्नही जुनाच आहे. 1892 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टला जेकब मायर्सचे मतदान यंत्र वापरले गेले. ते यंत्र म्हणजे एक अख्खी लोखंडी खोलीच होती. पुढची खटक्यांची यंत्रेही शेकडो किलोंची. ती हलवायला ट्रक आणि हमाल लागत. 1960 च्या दशकात राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ हॅरिस यांचे व्होटोमॅटिक, म्हणजे पत्रिकेला भोक पाडून मत नोंदवायचे साधन, आले. त्याच्यासोबतचा कक्ष पाय दुमडून पेटीसारखा हातात नेता येई. पुढे 2000 साली फ्लोरिडात त्या पद्धतीच्या अर्धवट भोकांच्या पत्रिकांवरून मोठा वाद झाला. मात्र बंद केल्यावर पेटी आणि उघडल्यावर टेबल ही त्या कक्षाची कल्पना अजूनही टिकून आहे. आमच्या उभ्या मॉडेलचे मूळ तिथेच आहे, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता मापांकडे येतो. आडोसा किती उंच हवा हे आम्ही अंदाजाने ठरवले नाही. समजा, शेजारच्या माणसाचा डोळा लिहिण्याच्या फळीपासून 75 सेंटिमीटर वर आहे, आणि कागद बाजूच्या पॅनेलपासून 30 सेंटिमीटर आत आहे. तो माणूस पॅनेलपासून दीड मीटरवर असेल तर त्याची नजर अडवायला साडेबारा सेंटिमीटर उंची पुरते. तोच 30 सेंटिमीटरवर येऊन उभा राहिला तर साडेसदतीस लागतात. म्हणजे कक्ष एकमेकांना चिकटवून मांडले की पॅनेल तिप्पट उंच करावे लागते. हे शाळेतल्या समरूप त्रिकोणांचे गणित आहे, पण जागा पाहायला गेलो की आम्ही ते प्रत्येक वेळी नव्याने करतो. उंच माणसांसाठी आणि फळीवर वाकणाऱ्यांसाठी थोडे जास्त धरून आम्ही बाजूचे पॅनेल 50 सेंटिमीटरचे ठेवले.

नुसता कागद झाकूनही भागत नाही. मतपत्रिका लांब असेल, उमेदवारांची नावे एकाखाली एक असतील, तर मतदाराचे कोपर किती पुढे गेले यावरून खूण वर झाली की खाली, हे मागच्या माणसाला समजू शकते. म्हणून बाजूचे पॅनेल फळीच्या कडेशी न थांबवता कोपराच्याही मागे येतील इतके खोल घेतले. त्यामुळे शीट वाढते, वजन वाढते, खर्च वाढतो. या मापात आम्ही कधीही काटछाट करत नाही.

दुसरीकडे, कक्षात एकच माणूस आहे हे केंद्रातल्या अधिकाऱ्यांना दिसायलाच हवे, नाहीतर कुणी आत शिरून दुसऱ्यावर दबाव टाकू शकतो. म्हणून आमच्या उभ्या कक्षाला खाली पडदा नाही. पाय दिसतात, हात दिसत नाहीत. छताला कॅमेरे असलेल्या सभागृहासाठी वरून बसवायचे झाकण वेगळे देतो, पण ते लावले की आत अंधार होतो आणि बॅटरीवरचा दिवा लागतो. त्यामुळे आधी आम्ही कक्ष सरकवून कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर नेता येतो का ते पाहतो. बऱ्याचदा तेवढ्याने काम होते.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो उजेडाने. पोकळ पीपी शीट, म्हणजे आत पन्हळी असलेली पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची शीट, स्वस्त, हलकी आणि पाण्याला न घाबरणारी. पण पांढऱ्या शीटमागे खिडकी असली की मतदाराच्या हाताची सावली बाहेरून दिसते. नमुना प्रखर दिव्यासमोर धरून आत एकाने लिहायचे आणि बाहेरून दुसऱ्याने ओळखायचे, ही चाचणी आम्ही पहिल्यापासून करतो. पांढरी आणि फिकट निळी शीट त्यात टिकली नाही. गडद करड्या रंगाची, पूर्ण अपारदर्शक शीट टिकली. करड्या रंगाचा आणखी एक फायदा असा की त्यावरून कुणालाही एखाद्या गटाच्या झेंड्याची आठवण होत नाही. त्याच कारणाने आम्ही आमच्या कंपनीचे नावसुद्धा कक्षाच्या आत छापत नाही. ते मागच्या बाजूला, खाली, लहान अक्षरांत असते.

पन्हळी पुठ्ठ्याचे कक्षही आम्ही बनवतो. टेबलावर ठेवायचे, तीन घड्यांचे. एकदाच निवडणूक घेणाऱ्या संस्थांना ते परवडतात. पुठ्ठ्याची पन्हळ उभी ठेवावी लागते, तरच पॅनेल ताठ उभे राहते. आडवी ठेवली तर दुपारपर्यंत वाकते. दमट हवेत पुठ्ठा फार झपाट्याने मऊ पडतो, म्हणून पावसाळी दिवसांत आम्ही तो द्यायचे टाळतो. पीपी शीटला पन्हळीच्या दिशेने घडी घालायची असेल तर एकाच बाजूचा पापुद्रा कापायचा. दुसरी बाजू बिजागरीचे काम करते आणि पुन्हा पुन्हा उघडझाप सोसते. पन्हळीच्या आडव्या दिशेने घडी हवी असेल तर गरम पट्टीने दाबून क्रीझ पाडावी लागते. हे कसब आमच्या डाय-कटिंगच्या, म्हणजे साच्याने शीट कापणाऱ्या, कारागिरांचे आहे. कुठे किती दाबायचे हे ते हाताने ओळखतात. ड्रॉइंगवर आम्ही ते अजून नीट लिहू शकलेलो नाही.

लिहिण्याच्या फळीबद्दल एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट. पोकळ शीटवर कागद ठेवून पेनने खूण केली तर खालच्या पन्हळींमुळे कागद फाटू शकतो. मऊ बोर्ड वापरला तर त्यावर खुणेचा ठसा उमटतो, आणि पुढच्या मतदाराला आधीच्या माणसाची फुली कुठे पडली ते तिरप्या उजेडात दिसते. आडोसा कितीही उंच असला तरी गुप्तता अशी फळीतून गळते. म्हणून वर लॅमिनेटचा कडक, गुळगुळीत थर असतो. त्यावर कुणी काही लिहिले तर ओल्या फडक्याने पुसले जाते, ठसाही राहत नाही. आत खिसा नाही, फट नाही, प्रचाराची चिठ्ठी सोडून जाता येईल असा कोपरा नाही. पेन अडकवायची दोरी डावीकडेही लावता येते.

वयस्क मतदार फळीवर हात टेकतात, कधी पूर्ण भार टाकतात. त्या वेळी कक्ष हलला तरी माणूस घाबरतो. फळीची पुढची कड पायांच्या टेकूंच्या आतच राहिली तर खाली पडणारा भार कक्षाला पुढे ओढू शकत नाही. त्यासाठी पाय थोडे फाकवलेले आणि पुढे आणलेले असतात. प्रत्येक तुकडीतला एक कक्ष आम्ही पुढच्या कडेला वजन टांगून तपासतो. फाकलेल्या पायांत लोक अडखळू नयेत म्हणून टोके पॅनेलच्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. या दोन अटी एकमेकींना ओढतात आणि मधली जागा फार अरुंद आहे.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मतदारांसाठी आम्ही अमेरिकी सुगम्यता मानकांचे आकडे घेतले: फळीची उंची 28 ते 34 इंच, गुडघ्यांसाठी खाली 27 इंच मोकळी उंची आणि 30 इंच रुंदी. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराचे 29 वे कलम मतदानाची साधने सुगम आणि वापरायला सोपी असावीत असे सांगते, आणि गुप्त मतदानाचा हक्कही त्यात आहे. बाजारात बहुतेक ठिकाणी यासाठी वेगळ्या आकाराचा, वेगळ्या रंगाचा एक कक्ष मिळतो. मला ते पटत नाही. माणूस आत येताच सगळ्यांच्या नजरा त्या एका कक्षाकडे वळतात. आमचे सगळे उभे कक्ष दिसायला सारखेच आहेत, आणि खटका दाबून पाय दोन उंचींवर बसतात. त्यातला कोणताही कक्ष मिनिटभरात बसून लिहिण्याचा होतो.

या मालाचे आयुष्य विचित्र आहे. एक दिवस काम, मग वर्षानुवर्षे गोदाम. तिथे दमट हवा, उंदीर, वर रचलेली ओझी. चिकटपट्टी सुकते, वेल्क्रोत धूळ भरते, सुटे स्क्रू हरवतात. पुढच्या वेळी पेटी उघडणारा कर्मचारी नवा असतो, भल्या पहाटे आलेला असतो आणि त्याला दुसरी शंभर कामे असतात. म्हणून आमच्या कक्षात सुटा भाग एकही नाही. पाय, फळी, पॅनेल सगळे एकमेकांना जोडलेलेच उघडते, आणि चुकीच्या क्रमाने उघडायला गेले तर अडते. उभारणीची चित्रे पेटीच्या झाकणाच्या आत छापलेली आहेत, त्यामुळे सूचनांचा कागद हरवायचा प्रश्न नाही. नवे मॉडेल झाले की कारखान्यात आलेल्या कुणाच्याही, माल पोचवायला आलेल्या चालकाच्या किंवा हिशेबनिसाच्या हातात पेटी देतो आणि गप्प उभे राहतो. तो जिथे थांबतो, ती जागा बदलायची.

2020 च्या साथीत स्वच्छतेची मागणी आली. पोकळ शीटच्या उघड्या कडांतून जंतुनाशक आत शिरते आणि साचून राहते, म्हणून कडा गरम करून बंद करू लागलो. साथ सरली, ती पद्धत आम्ही ठेवली. कक्ष जास्त टिकतात.

धंदा म्हणून हे काम सोपे नाही. निवडणुका एकाच वेळी येतात आणि मग लांब शांतता. त्यावर आम्ही भाड्याने देण्याचा मार्ग काढला. महाविद्यालये, पतसंस्था, व्यावसायिकांच्या संघटना यांना गोदाम सांभाळायचे नसते. परत आलेला प्रत्येक कक्ष उघडून, पुसून, पुन्हा दिव्यासमोर तपासूनच ठेवतो. एका संस्थेने मागच्या पॅनेलला देखरेखीसाठी छोटी खिडकी मागितली होती. ऑर्डर मोठी होती. आम्ही त्यांना पाय दिसणारे मॉडेल दाखवले, त्यांना खिडकीच हवी होती, तेव्हा नम्रपणे नकार दिला. त्या महिन्यात खोक्यांच्या कामावर निभावले.

सध्या दृष्टिहीन मतदारांसाठी फळीवर मतपत्रिका पक्की धरून ठेवणारी चौकट करतो आहोत, जिच्यावर बोटांना जाणवणारे उंचवटे प्रत्येक नावासमोर येतील. मतपत्रिकेचा आकार दर निवडणुकीत बदलतो, त्यामुळे चौकट सरकती हवी, आणि सरकती असूनही लिहिताना तसूभर हलता कामा नये. तीन नमुने टेबलावर आहेत. त्यांतला पितळी पकडीचा नमुना आतापर्यंत सर्वांत स्थिर वाटतो, पण तो लावला की पेटीचे झाकण पूर्ण मिटत नाही. आता पकड पातळ करून पाहायची आहे.