पडद्यावरच्या माणसांचे पूर्वायुष्य

चित्रपटावरून बेतलेली कादंबरी म्हटली की वाचक नाक मुरडतात आणि बहुतेक वेळा ते रास्तच असते. पटकथेतले संवाद उतरवायचे, मध्ये थोडी वर्णने घालायची आणि चित्रपट लागण्याच्या सुमारास पुस्तक दुकानात आणायचे, एवढाच तो व्यवहार असतो. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८९ सालच्या, समुद्राखालच्या तेल-उत्खनन तळावर घडणाऱ्या 'द अबिस' या चित्रपटावर ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी लिहिलेली कादंबरी मात्र त्यात बसत नाही. सलग दोन वर्षे ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांसाठीचे दोन्ही पुरस्कार मिळवलेल्या या लेखकाने आरंभ समुद्रतळाशी न करता तळाचा प्रमुख बड, त्याची दुरावलेली पत्नी लिंडसी आणि नौदलाचा अधिकारी कॉफी या तिघांच्या पूर्वायुष्यापासून केला. गंमत अशी की ही प्रकरणे कॅमेरॉन यांनी एड हॅरिस आणि मेरी एलिझाबेथ मास्ट्रँटोनिओ या मुख्य कलाकारांनाही वाचायला दिली. म्हणजे चित्रपटावरून निघालेले पुस्तक चित्रपटाच्याच उपयोगी पडले.

सर्वांत अधिक लाभ झाला तो लेफ्टनंट कॉफीला. पडद्यावर तो खलनायक आहे. खोल पाण्यातील दाबामुळे त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हात थरथरू लागतो, संशय बळावतो आणि बुडालेल्या पाणबुडीतील अण्वस्त्र तो तळाशी राहणाऱ्या अनोळखी जीवांवर सोडायला निघतो. मायकेल बीन यांनी भूमिका उत्तम वठवली असली, तरी तो आजारी पडण्यापूर्वी कसा होता हे चित्रपट सांगत नाही. कादंबरीत त्याची जडणघडण आधी कळते, आणि मग तोच थरथरता हात पाहताना भीतीबरोबर कणवही वाटते, कारण कर्तव्याला वाहून घेतलेल्या माणसाची कर्तव्यबुद्धीच आजाराने वेठीला धरली आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

लिंडसीचेही तसेच. छोट्या पाणबुडीत पाणी भरत असताना, पाणसूट एकच असल्यामुळे, आपण बुडायचे, बडने आपल्याला ओढत तळावर न्यायचे आणि मग शुद्धीवर आणायचे, असा हिशेब ती मांडते. पडद्यावर तो प्रसंग श्वास रोखायला लावतो. पण तिचा आधीचा प्रवास वाचलेल्या माणसाला त्या हिशेबी धैर्यात तिचा सारा स्वभाव दिसतो, आणि एरवी हेकट वाटणारी ही बाई वेगळीच भासू लागते.

सगळेच साधले आहे असे नाही. त्या जीवांच्या विचारपद्धतीचा इतका खुलासा पुस्तकात आहे की त्यांच्याविषयीचे गूढ ओसरते. ती पाने मी भराभर उलटली. आणि काही गोष्टी कॅमेऱ्यालाच जमतात. भांडणानंतर लग्नाची अंगठी शौचकूपात फेकणारा आणि लगेच त्यात हात घालून ती बाहेर काढणारा बड पाहिला की त्या लग्नाविषयी वेगळे प्रकरण लिहिण्याची गरज उरत नाही.