कधी एका किल्लीत सुरू, कधी नुसतं 'टक्'

तीन महिने गाडी छळत होती. गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्यासारखी सुरू व्हायची. या नादात बॅटरी नवी घेऊन झाली, स्टार्टरही खोलून झाला.

आज सकाळी परत तेच. या वेळी ठरवलं, बिघाड हजर आहे तोवरच मोजायचं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं आणि मुलीला किल्ली फिरवायला सांगितली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. तिथे जेमतेम पाव व्होल्ट दिसायला हवा. दिसले जवळजवळ ७! स्टार्टरच्या वाट्याचे व्होल्ट अर्थिंगच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनला येणाऱ्या वायरच्या) जोडातच जिरत होते.

बॅटरीची वायर काढून मग त्या जोडाचा बोल्ट सोडवला. खाली हिरवट थर आणि गंज. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, घट्ट आवळलं. आता ०.१५.

दिवसभरात ११ वेळा, गरम असताना, गार असताना, गाडी पहिल्याच किल्लीला सुरू. संध्याकाळी तो आवाज ऐकायला उगाच एकदा खाली जाऊन आले.